बिनगॅसची वेल्डिंग मशीन

आमच्या पाटोदा तालुक्यात दसऱ्यापर्यंत माणसाला ठरवावं लागतं, यंदा ऊसतोडीला जायचं की नाही. मुकादम दारोदार फिरतो, उचल म्हणून आगाऊ पैसे हातावर टेकवतो आणि माणूस हंगामभर बांधला जातो. नवरा-बायकोच्या जोडीला तो 'एक कोयता' म्हणतो. तोंडं दोन, हात चार, पण हिशेबाला एक कोयता! मी याच्याविरुद्ध पत्रकं काढत होतो. तालुक्याच्या छापखान्यात, पिवळ्या कागदावर. छापणारा म्हणायचा, तुमच्या पत्रकाला उद्गारचिन्हं पुरत नाहीत. आणि माझ्याच घरातला कोयता, म्हणजे थोरला भाऊ आणि वहिनी, दरसाल गाडी जुंपून निघून जात होता. माझी पत्रकं त्यांनी कधी वाचली नाहीत. वहिनीला वाचता येत नव्हतं, आणि दादाला येत होतं, पण तो म्हणायचा, "मला म्हाईत हाय त्येच लिव्हलेलं असतंय."

त्या वर्षी वहिनी चहा गाळता गाळता म्हणाली, "मी यंदा जाणार न्हाई." आदल्या हंगामात तापानं फणफणत तिनं मोळ्या बांधल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "घरी मशीन घेऊ."

दादाला वेल्डिंग येत होतं. पावसाळ्यात तालुक्याच्या गावी एका ग्रीलवाल्याकडं तो कामाला जायचा. मशीन घरी असली तर गावातल्या गाड्यांचे सांगाडे, नांगर, दारं, खिडक्या इथंच जोडता येतील, हा वहिनीचा विचार. तो मला इतका पटला की मी लगेच त्यात क्रांती वगैरे पाहिली. वहिनीनं आपल्या शेळ्या विकल्या आणि मला बजावलं, "भावजी, तुमी शिकलेले. तुमी बरूबर जा. दुकानदार ह्यांना गंडवील."

शिकलेल्या माणसाची अवस्था सांगतो. पाटोद्यात आम्हाला दिसली ती जुनी, थंड राहायला पोटात तेल भरलेली मशीन. पिंपाएवढी, लोखंडी चाकांवर उभी, चार माणसांनी ढकलायची. अस्सल देशी. मी तिच्यावर हात फिरवला आणि म्हणालो, "हीच घ्यायची." बाजार खुला झाल्यापासून आमच्याकडच्या टपऱ्यांवरसुद्धा परदेशी बॅटऱ्या आणि घड्याळं लटकायला लागली होती, आणि त्याविरुद्ध मी नुकतंच एक जळजळीत पत्रक काढलं होतं. पण त्या मशीनला दोन फेज लागत होत्या. आमच्या घरात एकच फेज यायची, आणि तीही पाहुणीसारखी. शेतीच्या लाइनला तिन्ही फेज मिळत, त्या वीजवाल्यांच्या मर्जीनं, कधी पहाटे कधी भरदुपारी. दादानं मान हलवली. मग आम्ही बीड गाठलं.

बीडचा दुकानदार कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसलेला. सगळे त्याला आप्पा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो.

"कशाला पाह्यजे?" आप्पानं विचारलं.

"घरी."

"घरी म्हंजी काय? पत्रा जोडणार का अँगल?"

"दोनी," दादा म्हणाला.

"फेज किती?"

"एक."

आप्पानं तीन मशिनी पुढं ओढल्या. "ही काडीची. ग्रीलवाले वापरत्यात तीच, पन ल्हान. ही तारेची. घोडा दाबला की तार आपोआप येती, काडी बदलायची भानगड न्हाई. पन हिला गॅसचं नळकांडं लागतं. आन् ही बी तारेचीच, पन बिनगॅस. तारेच्या पोटात मसाला भरलाय. तो जळतो, त्याचाच धूर जोडाला झाकतो. वारं सुटू द्या, अंगणात बसून काम करा."

"म्हणजे ही तार आणि ती तार वेगळी?" मी विचारलं.

"येगळी."

"दिसतेय तर सारखीच."

"माणसंबी सारखीच दिसत्यात, सायेब."

मी मशीनवरचे आकडे वाचायला घेतले. वाचले म्हणजे उच्चारले. अँपिअर इतके, व्होल्ट इतके, तारेची जाडी इतकी, आणि एका आकड्यापुढं टक्क्याचं चिन्ह. ते कशाचे टक्के, हे मी आप्पाला विचारलं. तो म्हणाला, "तापली की थांबती. मग जरा वेळ इसावा द्यायचा. सोताच चालू होती."

दादा हसला. "बैलावानी हाय की बे ही."

तेवढ्यावर त्याचं ठरलं. माझं नव्हतं ठरलं. मी विचारलं, "ही बनावट कुठली?"

"भाईरची."

मग मी सुरू झालो. आपल्या कारखान्यांना कुलपं लागताहेत, बाहेरचा माल दारात येतोय, आज मशीन, उद्या भाकरीसुद्धा बाहेरून येईल. आप्पानं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. "खरं हाय तुमचं. मग देशी द्यू? दोन फेजवाली? घरी न्यायला ट्रक हाय का?"

दादा म्हणाला, "भाषन मागून कर. आदी उचलून बघ."

मी बिनगॅसची मशीन उचलली. एका हातात आली. मला त्या क्षणी फार राग आला, आणि कुणावर ते नीट कळेना. शत्रूचा माल इतका हलका असावा, आणि आमच्या एकुलत्या एक फेजला तोच चालावा! एसटीत ती मशीन माझ्याच मांडीवर होती.

घरी आलो तो खांडेनवमीचा आदला दिवस. खांडेनवमीला आमच्याकडं घरातलं झाडून सगळं लोखंड पुजतात. कोयते, कुऱ्हाडी, कुळवाची पास धुऊन पुसून घटापुढं मांडायचे आणि दिवसभर त्यांना कामाला लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीनं कोयते मागं सरकवले आणि नवी मशीन सगळ्यांच्या पुढं ठेवली. मग तिचं बाजूचं झाकण उघडलं. आत तारेचं रीळ होतं.

"वहिनी, विजेची वस्तू आहे. पाणी नका लावू."

"तुमी देव मानत न्हाई, त्ये तुमचं. मशीन माझी हाय."

"निदान झाकण तरी लावा."

"देवापुढं तोंड मिटून कावून बसवायचं तिला?"

वहिनीनं ओल्या बोटांनी रिळाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं. घटाची माती नऊ दिवस पाणी पिऊन थबथबलेली. तिच्या शेजारी, झाकण उघडं टाकून, मशीन दसऱ्याच्या सकाळपर्यंत बसून राहिली.

दसऱ्याला मुहूर्त. शेजाऱ्याच्या बैलगाडीच्या सांगाड्याचा अँगल मोडला होता, तो दादानं पहिल्यांदा घेतला. अर्धी आळी जमली. दादानं काळी काच डोळ्यांपुढं धरली, घोडा दाबला आणि नुसता फाट फाट आवाज. ठिणग्या कासराभर उडाल्या. एका म्हाताऱ्यानं धोतर सावरलं. काच बाजूला करून पाहिलं तर जोडाच्या जागी वारुळासारखी भोकं. दादानं हातोडा घातला, अँगल पुन्हा दोन तुकडे.

"परदेसी हाय, मराठी समजंना तिला," शेजारी म्हणाला.

"भावाला सांग की. पत्रक वाचून दाखीव म्हनावं," दुसरा कुणी म्हणाला.

मी आधी विजेला शिव्या दिल्या. पण बल्ब तर त्या दिवशी छान पेटला होता. मग परदेशी कंपनीला दिल्या. मग आप्पाला. दादानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं, भोकं तशीच. वहिनी चौकटीत उभी होती. तिच्याकडं बघायचं धाडस होईना. संध्याकाळी मुकादम यायचा होता, उचल घेऊन. मशीन चालली नाही, तर ती त्याला काय सांगणार होती?

मी उकिडवा बसून झाकणाच्या आतली चित्रं पाहू लागलो. एका चित्रात नळकांडं होतं, दुसऱ्यात नळकांड्यावर फुली. दोन्हींत अधिक आणि उणे यांच्या जागा उलट्यापालट्या. आमची जोडणी नळकांड्यावाल्या चित्रासारखी होती! मी ओरडलो, "दादा, थांब. उलटं जोडलंय." आणि नट सैल करून दोन्ही टोकं बदलली. पण माझं ते चालू असताना दादा दुसऱ्या बाजूनं रिळावरची हळदीनं पिवळी झालेली तार ओढत होता. वावभर, आणखी वावभर. आतून कोरडी चकचकीत तार लागली तेव्हा त्यानं तोडली आणि पिवळी तार रागानं उकिरड्यावर फेकली.

मग त्यानं घोडा दाबला. तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज आला. वरची राख झटकली तर खाली जोड असा बसलेला की पाणी मुरणार नाही. हातोडा घातला. अँगल वाकला, जोड नाही.

"तार सादळली व्हती," दादा म्हणाला.

"जोडणी उलटी होती," मी म्हणालो.

"दोगंबी गप बसा," वहिनी म्हणाली. "पुजा केली म्हनून चालली."

खरं काय ते मला आजही माहीत नाही. मी दादाला म्हणालो, पुन्हा उलटी जोडून बघू, म्हणजे कळेल. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी तो विषय कायमचा सोडला.

संध्याकाळी मुकादम आला. अँगलवरून अंगठा फिरवला. "झ्याक जमलंय. पन बे, एक सांग. दिवाळी झाली की हितं ऱ्हातंय कोन? गाड्या जाणार कारखान्यावर, मोडणार बी तिकडंच. तू हितं कुनाला जोडणार? म्हाताऱ्यांच्या हाडांना?"

गाव रिकामं होतं, घरांना कुलपं लागतात, हे मी किती पत्रकांत लिहिलं होतं! आणि मशीन घेताना वजन पाहिलं, फेज पाहिली, देश पाहिला, पण हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मुकादम बाजेवर टेकला. "माझं ऐक. मशीन घे आन् चल. कोयता नगं तुला. कारखान्याच्या तळावर बसून गाड्या जोड. वहिनी ऱ्हातील हितंच. त्यांना यायचंच न्हाई ना?"

दादा वहिनीकडं न बघता म्हणाला, "तळावर लाइट असती का?"

दादाच्या हातून कोयता सुटत होता, वहिनी घरी राहत होती. मी जे मागत आलो ते सगळं मुकादम स्वतःच्या तोंडानं देत होता, आणि तरी घर फुटत होतं. याच्याविरुद्ध घोषणा काय द्यायची?

वहिनी म्हणाली, "शेळ्या माझ्या व्हत्या. मशीन घरासाठी आनली, ती घरीच ऱ्हाईल. ह्यांना जायचं तर जाऊ द्या."

"निस्ता गडी घेऊन मी काय करू?" मुकादम म्हणाला. "अर्धा कोयता कुठला कारखाना घेतो?"

दादानं उचलीला हात लावला नाही. मग मुकादमाला म्हणाला, "च्या घेऊन जा."

दिवाळीपर्यंत दादाला मान वर करायला सवड नव्हती. गाड्यांची रांग लागली. मग एका सकाळी सगळ्या गेल्या आणि गल्लीत कोंबड्यांचा आवाज तेवढा राहिला. दादा अंगणात मशीनशेजारी बसून राही. मी त्याच्यासमोर पेपर वाचायचं सोंग करी. आम्ही बरोबर केलं का चूक, हे विचारायला मला धीर होईना, आणि तो आपणहून सांगणाऱ्यातला नव्हता. वहिनी मात्र तिसऱ्या प्रहरी माणसं राहिलेल्या घरांतून फिरून यायची. काय मोडलंय, काय निखळलंय, विचारायची.

एक दिवस मागच्या आळीतली म्हातारी तिच्यासोबत आली. पदराखाली दाराची मोडकी कडी होती.

"घरात मी आन् नातवंडं," ती दादाला म्हणाली. "पोरगा येईस्तवर टिकंल असं कर बाबा."

दादानं कडी हातात घेतली, गंज खरवडला, आणि म्हातारीला म्हणाला, "आजी, तिकडं तोंड करून बस. हिच्या उजेडाकडं बघू नगंस."