डोळे मिटल्यावर

डॉक्टर म्हणाले, "पाय जुळवून उभ्या राहा आणि डोळे मिटा." माझ्या धाकट्या बहिणीने, शालनने, डोळे मिटले आणि ती एका बाजूला कलंडली. डॉक्टरांनी तिला सावरलं, म्हणून पडली नाही.

शालनच्या आतड्याचा बराच भाग काही वर्षांपूर्वी काढावा लागला होता. तेव्हापासून अन्नातली चरबी तिच्या अंगी लागत नव्हती आणि चरबीबरोबर मिळणारं ई जीवनसत्त्वही वाया जात होतं. त्यावाचून नसा झिजत गेल्या. आपण कुठे टेकलो आहोत, हे तिचे पाय तिला सांगेनासे झाले. ती नुसत्या नजरेच्या आधाराने चालायची आणि तोंडाला साबण लावला की न्हाणीघरात पडायची. सासरचे म्हणत, कामाचा कंटाळा, दुसरं काय. मीही म्हणालो होतो, "जरा बघून चालत जा."

अंधारातही आपण किती बेफिकीरपणे पाऊल टाकतो. जमीन असणारच, असं आपल्याला वाटतं. तो भरवसा रक्तातल्या एवढ्याशा अंशावर उभा असतो, हे मला कुठे ठाऊक होतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. ई जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच.

"औषधाने पुढची झीज थांबेल," डॉक्टर म्हणाले, "पण गेलेलं सगळं परत येईल, असं नाही सांगता येत. ही तपासणी फार आधी व्हायला हवी होती."

शालन तो कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "दादा, याची एक झेरॉक्स काढून आण. घरी दाखवायची आहे."