हेडफोनमध्ये आमचा कारखाना

आज पहिल्यांदा रॅप रेकॉर्ड केला. नाहीतर मी कविता नुसती बोलून दाखवणारा. नव्वदच्या दशकात, टेमघरच्या आमच्या कारखान्यात, चालू लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागाच्या, तालावर शिकलो ते.

तेव्हा कारखान्यातच टेप केलेल्या माझ्या एका कॅसेटमधून लूमचा आवाज काढून म्युझिकवाल्या फैजानने बीट बनवलीय. दोन ओळी झकास गेल्या. मग खटखट जराशी बदलली. आडवा धागा नेणारा धोटा अडकायच्या आधी बदलते तशी. माझा हात लूम बंद करायला पुढे गेला, तोंड बंद.

"चाचा, रुक क्यूँ गये?"

त्याने परत लावलं. हात परत गेला.

ते लूम कधीच भंगारात गेले. आज रडू येईल वाटलं होतं. काहीच आलं नाही.

तुमचा हात असा कशाकडे जातो का, जे आता तिथे नाहीच?