वांगी निवेपर्यंत

देवपुरात आमच्या समोर राहणारी ती बाई कुणापुढे मान खाली घालत नसे. तिच्या लहान मुलीला मात्र खाण्याचा वास आला की भान राहत नसे. धावत जाऊन ती कुणाच्याही ताटात हात घालायची, म्हणून गल्ली तिला चोर म्हणायची. एकदा तर शेजारच्या अक्कांनी तिच्या थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी बाईने भर गल्लीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजायला घातली. वास सुटताच मुलगी झेपावली. बाईने तिला मांडीत घट्ट धरलं. "थांब माय, निवू दे."

मुलगी लाथा झाडत रडू लागली. बघे जमले.

"घरात ने तिला," अक्का म्हणाल्या.

"काब्र? मनी पोर चोर नही शे, अक्का. वास उना का तिले धीर ऱ्हास नही. तो मी शिकाडस तिले. बठ्ठा देखा!" तिने सगळ्या बघ्यांकडे हात केला.

हळूहळू मुलगी शांत झाली. हात काखेत दाबून वांग्यांकडे बघत राहिली. निवल्यावर बाईने एक सोलून तिच्या हातात दिलं.

आमच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. बाईने कुणालाच विचारलं नाही.