मेथीची जुडी आणि काळी घोडी

डोंगरातल्या रानटी घोड्यांना घर मिळालं नाही, तर त्यांची रवानगी कत्तलखान्यात होते. परदेशात, टौरंगा शहराबाहेर राहणाऱ्या सुलेखाने त्यातली एक काळी घोडी मागून घेतली. मूळची पुण्याची, पुलांचे आराखडे करणारी ही इंजिनिअर घोडे हाताळायला शिकली ती इथे आल्यावर. घोडी देणाऱ्या संस्थेची अट एकच होती: शनिवारपर्यंत घोडीने तोंडावर मोरकी, म्हणजे धरायचा पट्टा, चढवू दिली पाहिजे. नाहीतर तिचे वाढलेले खूर कापता येणार नाहीत आणि ती लंगडी होईल. त्यापेक्षा कत्तलखान्याचा ट्रक बरा.

ट्रक शेजारच्या बॅरीचा. प्राणिमित्र त्याला खाटीक म्हणत. सुलेखा कधीच नाही. "हाल करून जगवण्यापेक्षा हे बरं," तो म्हणे.

"मान्य. पण हिची ती वेळ आलेली नाही."

शुक्रवारची संध्याकाळ झाली, तरी घोडी जवळ येईना. सुलेखा हरली. परसातून मेथीची एक जुडी उपटून ती कुंपणात उलट्या बादलीवर बसली आणि घोडीकडे पाठ करून निवडू लागली.

"भाजी इथे निवडतेस?" नवरा, धम्मपाल, कुंपणाबाहेरून म्हणाला.

"घरात बसले तर डोकं फिरेल माझं."

तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा, जुईचा, फोन आला. सुलेखाने तो स्पीकरवर टाकला. गप्पा रंगल्या आणि मानेवर ऊन श्वास आला.

"ताई, कोण घोरतंय गं? भावोजी?"

"गप्प बस!" सुलेखा कुजबुजली. मागे न पाहता तिने एक काडी खांद्यावरून मागे केली. ती गेली. मग दुसरी. अख्खी जुडी संपली.

"आता आपण काय खायचं?" धम्मपालने विचारलं.

"वरण-भात!"

सकाळी बॅरी ट्रक घेऊन आला तेव्हा सुलेखा पुन्हा पाठ करून बसली होती. खांद्यावरून मागे धरलेली मोरकी, तिच्या फासातून डोकावणारी, परसातून ताजी उपटलेली मेथी. घोडीने स्वतःच नाक आत घातलं. सुलेखाने सावकाश वळून तिच्या कानांमागे पट्टा अडकवला.

बॅरीने इंजिन बंद केलं. "स्वीट ॲज," तो आपल्या बोलीत 'झकास' म्हणावं तसं पुटपुटला. खाली उतरून तो कुंपणाला रेलला. मग म्हणाला, "सोमवारी एक शिंगरू कत्तलखान्यात न्यायचंय मला. त्याला महिनाभर ठेवून बघतो. या पाल्याचं बी कुठे मिळतं?"

सुलेखा स्वयंपाकघरात गेली आणि मेथ्यांचा डबाच घेऊन आली.