एक गुडघा निर्गुडीचा, एक वडाचा

दगडूबा वस्ताद माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. निजामाच्या राजवटीत चकलांब्याच्या सरकारी शाळेत माझी नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी तालमीवरून चाललो होतो, तर आतून आवाज आला, "मास्तर, दोन्ही गुडघे गेलेत जनू तुमचे?" ओळख ना देख, मला रागच आला. पण खोटं काय होतं त्यात?

तालीम सांभाळून वस्ताद दुखऱ्या सांध्यांना निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधत. वीस वर्षं हेच चाललं होतं. आसपासच्या गावांतून माणसं लंगडत यायची.

एकदा तालुक्याचे सरकारी हकीम फिरतीवर आले. पाला बघून सहज बोलून गेले, "पत्ते में कुछ नहीं वस्ताद, सब सेंक का असर है." झालं, वस्तादांचं जेवणावरून मन उडालं. मला म्हणाले, "मास्तर, वीस वर्सं लोकांला फसवलं का काय मी? हे कळल्याबिगर आता कुनाला पाला बांधायचा न्हाई."

मग परीक्षा घ्यायची ठरली. त्यात पैलवान बिनकामाचे. खांदा निखळला तरी "काई न्हाई वस्ताद" म्हणणारी ती मंडळी. वस्ताद माझ्याकडे वळले. "तुमच्यावानी कुरकुऱ्या मानूस मी बघितला न्हाई. कुठं किती दुखतंय ते तुमीच नीट सांगताल. अन् तुमाला बारमाही पडसं, वासावरून पाला वळखायचे न्हाईत." ही माझी लायकी! तरी मी चक्क खूश होऊन हो म्हटलं.

एका गुडघ्याला निर्गुडी, दुसऱ्याला साधा वडाचा पाला, दोन्ही सारखेच गरम आणि फडक्यात गुंडाळलेले. कुठला कुठे ते मलाही कळायचं नाही आणि वस्तादांनाही नाही. बांधायचं काम त्यांच्या बायकोकडे, वस्तादीणबाईंकडे. तोवर वस्ताद बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहत. आठ दिवस असं चाललं.

नवव्या दिवशी तालमीत सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "दोन्ही गुडघे सारखेच हलके झालेत." खरं तेच होतं.

वस्तादांचा चेहरा उतरला. पण त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडले. "हकीम खरं बोलले. वडानंबी तेवढाच गुन येतोय. वीस वर्सं मी निर्गुडीचं नाव उगंच गाजवलं. माफी असावी." एवढा धिप्पाड माणूस असा हात जोडून उभा, माझ्याच्यानं बघवेना.

तेवढ्यात दारातून वस्तादीणबाई म्हणाल्या, "मी दोन्हीकडं निर्गुडीच बांधत व्हते."

"कावून?" वस्ताद ओरडले.

"आता मास्तरांचा एक गुडघा जानूनबुजून दुखत ठिवायचा व्हय? मला न्हाई जमत असलं."

वस्ताद हसता हसता खालीच बसले. पैलवानांनी निर्गुडीचा जयजयकार सुरू केला, तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला. "गप बसा बे. ती जिंकली बी न्हाई अन् हरली बी न्हाई. परीक्षाच झाली न्हाई."

पुन्हा घ्यावी तर माझे गुडघे बरे झालेले, आणि माझ्या तोडीचा कुरकुऱ्या दुसरा आणायचा कुठून?

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा लंगडत आला. वस्ताद त्याच्यापुढे बसले, पाल्याला हात लावला नाही. "बाबा, गुन पाल्याचा का शेकाचा, मला ठावं न्हाई. तरी बांधू का?"

म्हाताऱ्याने पाय लांब केला. "बांधा."

पुढे मरेपर्यंत वस्ताद प्रत्येकाला हे सांगत आणि मगच पाला बांधत. एकानेही पाय मागे घेतला नाही.