भाऊबीजेचं सीताफळ

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी नागपूरला उतरलो. आत्या दार उघडेल की नाही, ही धास्ती होती. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, बाबा लग्नाला गेले नाहीत, तेव्हापासून पंचवीस वर्षं बहीणभावांत अबोला. आता बाबा अंथरुणाला खिळलेत. "बरी आहे का, तेवढं बघून ये," एवढंच म्हणाले.

जरीपटका भागात रिक्षा सोडली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आत्याच्या इमारतीसमोरच्या फळांच्या ठेल्याशी (हातगाडीशी) थांबलो. संत्र्यांचा ढीग पाहून मी साताऱ्याचा माणूस हरखूनच गेलो. फळवाल्या सुशीलाबाई इमारतीतल्या एका तरुण सुनेला दटावत होत्या, "तुले पपई देत नाही वं! मोसंबी ने."

ती लाजून कुजबुजली, "मावशी, घरी अजून सांगितलं नाही."

"मी काहून सांगू?" (काहून म्हणजे कशाला.)

मी थक्क! सासूच्या आधी बातमी ठेल्यावर. मी डझनभर संत्री मागितली.

"कोनाच्या घरी जाऊन राहिले भाऊ?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंकडे."

"मास्तरीनबाई? त्यायले संत्र चालत नाही, घसा धरते." त्यांनी गवतातून एक भलंमोठं सीताफळ काढलं. "हे न्या. त्यायच्यासाठीच ठेवलं हाय. दरसाल भाऊबीजेले नेतात, पन खात नाहीत."

"मग नेतात कशाला?"

"भावाले आवडते म्हनतात. भाऊ नसला त बाया चंद्राले ओवाळतात. मास्तरीनबाई सीताफळाले ओवाळतात. अन् मंग मलेच आनून देतात."

सीताफळ म्हटलं की बाबा जेवणसुद्धा विसरत. आम्हाला पंचवीस वर्षांत जे कळलं नाही, ते या बाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते गवतात जपून ठेवलं होतं.

बेल वाजवली. पिकल्या केसांच्या आत्यानं दार उघडलं, सीताफळाकडे पाहिलं. "सुशीलाबाईंनी पाठवलं का?"

"मी तुझ्या दादाचा मुलगा, आत्या."

तिनं सीताफळ माझ्या हातातून घेतलं. मग बाजूला सरत म्हणाली, "पाय धू. चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी निघताना रिक्षातून सुशीलाबाईंना हात केला. त्यांनी जवळ येऊन माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. सीताफळावर हळदकुंकू होतं. यंदा ते त्यांच्याकडे परत आलं नव्हतं. माझ्याबरोबर साताऱ्याला चाललं होतं, आणि शेजारी आत्या बसली होती.