सोयरिकीची रोपं

जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात साहेबाला न भिणारी माणसं पुष्कळ होती. पण दौऱ्यावर आलेल्या साहेबाला बांधावर थांबवून, त्याची हॅट झटकून, मग "आता या आत" म्हणणारे एकटे माझे मोठे मामाच. चांदूर बाजाराजवळ त्यांचा संत्र्यांचा बगीचा होता आणि परमुलखातून कलमांबरोबर आलेली एक पांढरी कीड ही त्यांची जन्माची वैरीण. वऱ्हाडी माणसाला कापूस दिसला की आनंद होतो. मामांना संत्र्याच्या फांदीवर कापसासारखा ठिपका दिसला की त्यांना घास उतरत नसे. "आपली कीड आपले पाखरं खातात," ते सांगत. "हे पाहुनी आहे. इले इथं कोनी वैरी नाई. मंग वैरी मीच."

हे वैर त्यांनी मनापासून केलं. साबणाच्या उकळत्या पाण्यात घासलेट घालून ते घुसळत, आणि त्यासाठी त्यांना मामीची ताकाची रवीच लागे. त्या घरचं ताक प्यायलेला पाहुणा थोडा वेळ विचारात पडे. मग ते पाणी होळीच्या पितळी पिचकारीनं पानांच्या खालच्या बाजूवर मारायचं. मुंग्या या किडीला सांभाळतात, म्हणून प्रत्येक बुंध्याला राळ आणि एरंडेलाचा चिकट पट्टा. त्याला मुंग्यांपेक्षा मामांचं धोतरच जास्त चिकटे.

माझ्या मामेबहिणीला पाहायला पातूरचे पाहुणे आले तेव्हा मी तिथंच होतो. मुलाचे वडीलही बागायतदार. त्यांनी मोठ्या हौसेनं मोसंबीची दोन रोपं भेट आणली होती. मामांनी रामराम केला, एक पान उलटलं, आणि चहा यायच्या आत दोन्ही रोपं अंगणात घासलेट ओतून पेटवली.

"सोयरीक जाळली तुमी," मामी हळूच म्हणाली. मामेबहीण दारामागं उभी होती. मुलगा तिला आवडला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं. मामांनीही तिच्याकडे पाहिलं, पण हात मागं घेतला नाही.

मुलाचे वडील पागोटं सावरत उठले. दारापाशी मात्र ते थबकले. "याच्यासंगची बाकीची रोपं मी माह्या बगीच्यात लावली," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "त्याइचं काय?"

"लय दिवस झाले काय?"

"पावसाळ्यात लावली."

मामांनी रवी उचलली, पिचकारी घेतली आणि पाहुण्यांच्याच बैलांच्या दमणीत जाऊन बसले. "चला. काहून उभे राहिले?"

ते पातूरहून परतले तेव्हा संत्री तोडणीला आली होती. तिथं दोघांनी मिळून एक आख्खी ओळ उपटून जाळली, बाकीची झाडं धुऊन काढली, रोज भांडले आणि एकाच ताटात जेवले. बगीचा वाचला. लग्नाची तारीख त्यांनी तिकडेच, फवारणी करता करता ठरवून टाकली होती. मुलीच्या आईला विचारायचं राहून गेलं, एवढंच.

पुढं मामांची नजर गेली. मामेबहीण माहेरी आली की संध्याकाळी त्यांचा हात धरून बगीच्यात नेई. ते झाडापाशी थांबून विचारत, "पांढरं दिसते काय, बाई?" झाड स्वच्छ आहे हे तिला दुरूनच दिसे. तरी ती वाके, एक एक पान उलटून पाही, आणि मगच म्हणे, "काई नाई, बाबा."